गोटीराम मढवी विरुद्ध गोटीराम मढवी

घणसोली गावात राहणारे श्री. गोटीराम मढवी, वय त्रेसष्ट, यांना आपले राहते घर परवानगी घेऊन बांधायचे आहे, ही बातमी पसरली तेव्हा गावाने आधी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली. दोघे-तिघे तर घरी येऊन बसूनही गेले. माणूस निवृत्त झाला की सुरुवातीचे काही महिने असे होते, एवढ्यावर गावाने विषय मिटवला.

वास्तविक गोटीरामांची मागणी फार मोठी नव्हती. त्यांचे घर वडिलांच्या वेळचे, दोन खोल्यांचे, कौलारू, गावठाणाच्या अगदी मधोमध. घर आपल्या जागेवरून हलले नव्हते. पण समोरच्या गल्लीचे तीन वेळा काँक्रीटीकरण झाले आणि दर वेळी जुना थर न काढता त्यावर नवा टाकला गेला. त्यामुळे पूर्वी गल्लीपासून दोन पायऱ्या वर असलेले घर आता तीन पायऱ्या खाली गेले होते. पावसाळ्यात गल्लीतले पाणी उंबरठा ओलांडून आत येई आणि गणपतीपर्यंत मुक्काम करी. तिन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या चार-चार मजली इमारती भिंतीला भिंत लावून उभ्या होत्या, आणि गल्लीकडच्या बाजूला दाराशिवाय काही नव्हते. गोटीरामांच्या पत्नी सगुणाबाई यांचे गुडघे गेलेले. त्या खाटेवर पाय वर घेऊन बसत आणि भरदुपारी ट्यूबलाइट लावून तांदूळ निवडत.

"मना माडी नको, काय नको," त्या म्हणत. "जमीन कोरडी पायजे आन् गल्लीकडं एक खिरकी. कोन आला, कोन गेला, तवरा दिसला तरी पुष्कळ जाला."

गोटीरामांनी त्यांना खिडकीचा शब्द दिला होता. चार फूट बाय तीन फूट.

आता गावात घर बांधण्याची पद्धत ठरलेली होती आणि ती लहानथोरांना तोंडपाठ होती. सरकारी कार्यालये शनिवार-रविवार बंद असतात. शुक्रवारी संध्याकाळी हिरवी जाळी बांधायची, शनिवारी सळ्या, रविवारी स्लॅब, आणि सोमवारी साहेब येईपर्यंत आत भाडेकरूंची कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा लागलेली. सुट्टीला जोडून एखादा सण आला तर वरचा मजलाही निघे. घरोघरी कॅलेंडरवर सरकारी सुट्ट्या लाल पेनाने गोल केलेल्या असत, आणि लग्नाच्या तारखा शक्यतो त्या सोडून धरत, कारण त्या दिवशी कोणाला वेळ नसे.

या कामात गोटीरामांचा पुतण्या रूपेश वाकबगार होता. त्याची स्वतःची चार मजली इमारत काकांच्या भिंतीला लागूनच होती. तो म्हणाला, "काका, टेन्शन काय घेता? दसरा धरून चार दिवस सुट्टी हाय. तुमी काकीला घेऊन एकवीरेला जाऊन या. मंगळवारी घर तयार. खिडक्या पायजे तेवढ्या ठेवतो."

पण गोटीरामांनी तळोज्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे टाइमकीपर म्हणून काढली होती. सख्ख्या भावाला, म्हणजे रूपेशच्या वडिलांना, चार मिनिटे उशीर झाला म्हणून त्यांनी अर्ध्या दिवसाची गैरहजेरी लावली होती, आणि तो भाऊ पुढे दोन वर्षे त्यांच्याशी बोलत नव्हता. अशा माणसाला हिरव्या जाळीआड झोप लागणे शक्य नव्हते. आपल्या घराला सही-शिक्का हवा, कोणी विचारले तर कागद दाखवता आला पाहिजे, असे त्यांनी रूपेशला सांगितले.

"पन विचारतो कोन?" रूपेश म्हणाला. त्याला खरोखरच माहीत नव्हते.

गावठाणातल्या लोकांना घरबांधणीची परवानगी सहज मिळावी म्हणून नऊ वर्षांपूर्वी एक 'गावठाण गृहबांधणी सुलभता कक्ष' स्थापन झाला होता. गोटीराम सोमवारी दहाला पाच मिनिटे कमी असताना तिथे हजर झाले. कक्षातल्या लिपिक सुनयना बाबर सव्वाअकराला आल्या. त्यांनी रजिस्टर उघडले आणि बांधकाम कधी पूर्ण झाले ते विचारले.

गोटीराम म्हणाले, अजून सुरूच केलेले नाही.

"बरं, मग झालंय किती?"

"कायच नाय."

सुनयनाबाईंनी पेन खाली ठेवले. "काका, तुम्ही आधी काहीतरी बांधून या. काहीच बांधलं नसेल तर आम्ही कारवाई कशावर करायची?"

आपल्याला कारवाई नको, परवानगी हवी आहे, हे गोटीरामांनी तीन प्रकारे सांगून पाहिले. बाई उठल्या आणि आत जाऊन साहेबांना घेऊन आल्या. साहेब म्हणजे विश्वजित जगदाळे, साताऱ्याकडचे, स्वभावाने सज्जन. त्यांनी गोटीरामांना खालीवर पाहिले, आपण दक्षता पथकातून तर आला नाहीत ना, असे अदबीने विचारले आणि पिशवीत कॅमेरा नाही याची खात्री करून घेतली. मग मात्र त्यांना भरून आले. कक्ष स्थापन झाल्यापासून बांधण्याआधी परवानगी मागणारा हा पहिलाच अर्जदार होता. त्यांनी चहा मागवला, शिडी आणवली, आणि कपाटाच्या माथ्यावरून छापील अर्जांचा सुतळीने बांधलेला गठ्ठा स्वतःच्या हाताने खाली उतरवला. सुतळीची मूळ गाठ सुद्धा सुटलेली नव्हती.

अर्ज सतरा रकान्यांचा होता. पहिले तीन बिनबोभाट पार पडले. चौथ्यात विचारले होते: 'सध्या अस्तित्वात असलेल्या घराच्या परवानगीचा क्रमांक व दिनांक.'

घर वडिलांनी बांधले तेव्हा हे कार्यालय नव्हते, असे गोटीरामांनी सांगितले. कार्यालयच काय, आजूबाजूला शहरही नव्हते; समोर भाताची खाचरे होती आणि त्यापलीकडे मिठागरे.

"ते ठीक आहे," जगदाळे साहेब हळहळून म्हणाले. "पण परवानगी नाही म्हणजे घर अनधिकृत झालं. अन् अनधिकृत घराच्या जागी अधिकृत घर बांधायची परवानगी आम्हाला देता येत नाही. मूळच नाही तर फांदी कुठून काढायची, सांगा."

गोटीरामांनी घरी येऊन हे सांगितले तेव्हा सगुणाबाई खाटेवरून म्हणाल्या, "आपला घर होता तवा हा शहर नव्हता. शहरानं आपली परवानगी घ्याला पायजे होती." गोटीरामांना हा मुद्दा पटला, पण त्यासाठी अर्जात रकाना नव्हता.

साहेब मात्र मदतीला तत्पर होते. त्यांनी दोन रात्री नियमावली चाळून वाट काढली. अनधिकृत घर जर कार्यालयाने स्वतःच्या हाताने पाडले, तर जागा निर्दोष होते आणि निर्दोष जागेचा अर्ज घेता येतो. पाडण्यासाठी नोटीस लागते. नोटीस काढण्यासाठी तक्रार लागते. आणि तक्रार बाधित व्यक्तीने केलेली असावी लागते. तेव्हा गोटीरामांनी एखाद्या शेजाऱ्याकडून आपल्या घराविरुद्ध एक साधी तक्रार आणावी, पुढचे ते बघून घेतील.

इथे सगळे अडले. कारण गावात लिहिलेले कायदे कोणी पाळत नसले तरी न लिहिलेला एक कायदा सगळे पाळत: दुसऱ्याच्या बांधकामाची तक्रार करायची नाही. तक्रार करणाऱ्याच्या पोरीच्या हळदीला बायका जात नसत आणि त्याच्या घरातल्या माणसाला खांदा द्यायला चौघे मिळायची पंचाईत होई. गोटीराम आठवडाभर दारोदार फिरले. माझी तक्रार करा, असे ते हात जोडून सांगत आणि लोक त्यांना सरबत देऊन परत पाठवत. रूपेशकडे गेले तर त्याचे डोळेच भरून आले. "काका, वाटलं तर वरचा मजला तुमच्या नावावर करतो," तो म्हणाला, "पन मना असलं पाप सांगू नका."

शेवटी गोटीरामांनी तक्रार स्वतःच लिहिली. सुंदर अक्षरात, समास सोडून. 'तक्रारदार: गोटीराम मढवी. ज्यांच्याविरुद्ध तक्रार: गोटीराम मढवी. तक्रारदार हे सदर घरात राहत असल्याने सर्वाधिक बाधित आहेत.' बाधित असण्याबद्दल वाद होण्याचे कारण नव्हते. तक्रार दाखल झाली.

सुनावणीच्या दिवशी समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. नियमाप्रमाणे दोन्ही पक्षांनी हजर राहणे आवश्यक होते, म्हणून गोटीरामांनी हजेरीपटावर दोनदा सही केली. तक्रारदाराने डाव्या खुर्चीत बसून बोलावे आणि प्रतिवादीने उजव्या, एवढे पथ्य सुनयनाबाईंनी सांगितले, नाहीतर टिपणात घोळ झाला असता.

"तक्रारदार, तुमचा त्रास सांगा," साहेब म्हणाले.

गोटीराम डाव्या खुर्चीतून म्हणाले, घरात पाणी शिरते, ऊन येत नाही, बायकोला वर्षानुवर्षे अंधारात बसावे लागते. इतक्या वर्षांत त्यांनी हे कोणाजवळ बोलून दाखवले नव्हते.

"प्रतिवादी, यावर तुमचं म्हणणं?"

गोटीराम उठून उजव्या खुर्चीत गेले. मग म्हणाले, "खरा हाय साहेब. माझीच चूक हाय."

प्रतिवादीने गुन्हा कबूल केल्याचे कक्षाच्या इतिहासातले हे पहिलेच प्रकरण होते. तडजोडीची काही शक्यता आहे का, असे साहेबांनी नियमाप्रमाणे विचारले. दोन्ही पक्षांनी नाही म्हटले. तीस दिवसांची नोटीस निघाली आणि ती गोटीरामांनी पोच देऊन तिथल्या तिथे स्वीकारली.

एकतिसाव्या दिवशी सकाळी साडेनऊला पाडकाम पथक आले. पथकाची सुद्धा एक रीत होती. गाडी गावाच्या वेशीपाशी थांबली की गर्दी जमते, बायका जेसीबीपुढे बसतात, पथकप्रमुख घोषणा ऐकून घेतात, मग वरून फोन येतो, आणि पथक स्लॅबला चार भोके पाडून त्यांचे फोटो काढून परत जाते. भोके संध्याकाळपर्यंत बुजवली जातात. यात कोणाचे काही अडत नसे. इथे मात्र मालक अंगणात स्वच्छ सदरा घालून उभे होते आणि बाकावर अकरा माणसांचा चहा मांडलेला होता. घरातले सामान रूपेशच्या चौथ्या मजल्यावर आधीच गेले होते.

पथकप्रमुख गोंधळले. त्यांनी गोटीरामांना बाजूला घेऊन विचारले, फोन कोणाचा येणार आहे? गोटीराम म्हणाले, कोणाचाच नाही. प्रमुखांचा विश्वास बसेना. त्यांनी माणसांना दुसरा चहा घ्यायला सांगितला आणि साडेअकरापर्यंत फोन हातात धरून वाट पाहिली. फोन आला नाही. तेव्हा नाइलाजाने घर पाडावे लागले. संपूर्ण घर पाडण्याचा पथकाला अनुभव नसल्यामुळे दुपारचे तीन वाजले.

सगुणाबाई समोरच्या ओट्यावर बसून पाहत होत्या. शेवटची भिंत पडली तेव्हा घराच्या जागी पहिल्यांदाच ऊन आले, आणि ते चांगले भरपूर होते. "बग," त्या म्हणाल्या, "यवरा उजेड होता बाहेर." मग त्यांनी पदराने तोंड पुसले, आणि रूपेशने व त्याच्या बायकोने दोन्ही बाजूंनी धरून त्यांना चार मजले चढवून वर नेले. इमारतीला लिफ्ट नव्हती. त्या दिवसापासून सगुणाबाई खाली उतरल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी गोटीराम कक्षात हजर. निर्दोष जागेचा नवा अर्ज, पहिले तीन रकाने झटपट, आणि पुन्हा चौथा: 'सध्या अस्तित्वात असलेल्या घराच्या परवानगीचा क्रमांक व दिनांक.'

"घर नाय," गोटीराम अभिमानाने म्हणाले.

जगदाळे साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी अर्जाचे शीर्षक पुन्हा वाचले. कक्ष होता अस्तित्वातल्या घरांच्या पुनर्बांधणीसाठी. घर नाही म्हणजे पुनर्बांधणी नाही. आणि घराशिवाय नुसती जागा, तीही दाट गावठाणात, म्हणजे ती मोकळी जागा. मोकळ्या जागेचा विषय या कक्षाचा नव्हता, तो सुशोभीकरण विभागाचा होता. साहेबांनी सहानुभूतीच्या शेऱ्यासह फाइल तिकडे पाठवली.

सुशोभीकरणवाले गेली सहा वर्षे गावात एक तरी मोकळी जागा सापडते का ते शोधत होते. त्यांनी वेळ दवडला नाही. आठवड्यात जागेला रंगीत फरशी बसली, दोन कुंड्या आल्या आणि मधोमध एक लोखंडी बाक बसला. 'ज्येष्ठ नागरिक विसावा' अशी पाटी लागली आणि खाली बारीक अक्षरात, येथे कोणतेही बांधकाम करणे हा दंडनीय गुन्हा आहे. उद्घाटनाला गावातले ज्येष्ठ नागरिक म्हणून गोटीरामांनाच बोलावले होते. त्यांनी नारळ फोडला, कारण लोकांनी हातात दिला होता. नंतर फोटोत ते बाकावर बसलेले दिसतात. बाक जिथे आहे तिथे सगुणाबाईंची खाट असे.

यानंतर गोटीराम चिडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सरकारी टेबलावर हात आपटला आणि लगेच तो मागे घेतला. साहेबांनी दार लावून घेतले आणि अत्यंत खाजगी आवाजात सांगितले, "काका, मी तुम्हाला हे बोललो नाही. पण तुम्ही आधी बांधून आला असता, तर तुमच्यासाठी माझ्याकडं सोळा मार्ग होते. दंड होता, मुदतवाढ होती, अभय योजना होती. न बांधता आलेल्या माणसासाठी मला एकच मार्ग दिसतोय."

तो मार्ग असा. ज्यांनी आपणहून आपल्या अनधिकृत बांधकामाची तक्रार केली, अशा नागरिकांसाठी वेगळा प्रवर्ग करण्याचा प्रस्ताव वर पाठवता आला असता, आणि त्यात गोटीरामांना त्यांची जागा परत देता आली असती. पण अडचण अशी की एक प्रकरण हा अपवाद धरला जातो. प्रवर्ग होण्यासाठी किमान दोन लागतात. म्हणजे अजून फक्त एक माणूस हवा होता. चार मजले वगैरे काही नको, साहेब म्हणाले. बंद केलेली बाल्कनी चालेल, गच्चीवरचा पत्रा चालेल, खिडकीबाहेर काढलेला पिंजरा सुद्धा चालेल. तुमचे अख्खे घर गेले म्हणून त्याचेही घर जाणार नाही. त्याने फक्त सही करून हे माझे आहे, परवानगी घेतली नव्हती, एवढे लिहून द्यायचे.

"तुमच्या घरी बाल्कनी हाय का, साहेब?" गोटीरामांनी सरळ मनाने विचारले.

साहेब पंख्याकडे पाहू लागले. सुनयनाबाईंनी घाईघाईने कसल्यातरी कागदांना टाचण्या मारायला सुरुवात केली.

गावात विचारण्यात अर्थ नव्हता. रूपेशला विचारावे तर त्याची अख्खी इमारतच विनापरवाना; चौदा भाडेकरूंसकट सगुणाबाईही रस्त्यावर आल्या असत्या. म्हणून गोटीराम शहराकडे वळले. तिथे शिकलेली माणसे राहतात, नियमाचे महत्त्व त्यांना समजावून सांगावे लागत नाही, असा त्यांचा समज होता. छापील अर्ज पिशवीत घालून ते सेक्टरमागून सेक्टर फिरू लागले. सानपाड्याच्या एका सोसायटीत एका निवृत्त प्राध्यापकांनी त्यांना आत घेतले, झोपाळ्यावर बसवले आणि सगळी हकीकत शेवटपर्यंत ऐकली. त्यांना गावच्या लोकांचा संताप आला, कार्यालयाचा त्याहून आला. तुमच्यासारखी माणसे आहेत म्हणून देश चालला आहे, असे ते म्हणाले. झोपाळा बंद केलेल्या बाल्कनीतच टांगलेला होता. गोटीरामांनी पिशवीतून अर्ज काढला.

"छे, माझं वेगळं आहे," प्राध्यापक म्हणाले. "आमच्याकडे सगळ्यांनीच केलंय."

हे उत्तर गोटीरामांना पुढे दोनशे अकरा घरांत मिळाले. ते वहीत वेळेसकट नोंद ठेवतात. लोक वाईट नाहीत, असे ते रोज चार जिने चढून गेल्यावर सगुणाबाईंना सांगतात; सगळे पाणी देतात, बसायला सांगतात. सगुणाबाई तांदूळ निवडत राहतात. रूपेशच्या खोलीला खिडकी आहे, पण समोर दीड हातावर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे, आणि त्या भिंतीला कोणी येत नाही की जात नाही.

गेल्या रविवारी ते तुमच्या इमारतीत आले होते. तुम्ही तेव्हा बाल्कनीत होता. म्हणजे सरकत्या काचा लावून, फरशी सारखी करून, कोपऱ्यात वॉशिंग मशीन बसवलेल्या ज्या खोलीला तुम्ही अजून बाल्कनी म्हणता, तिथे. हातात हीच गोष्ट होती आणि पथकाला चहा दिल्याच्या जागी तुम्ही मोठ्याने हसला होता. तेवढ्यात बेल वाजली. तुम्ही दाराच्या भोकातून पाहिले. बाहेर एक म्हातारा गृहस्थ उभा होता, खांद्याला पिशवी, हातात पेन, पेनाचे टोपण काढलेले. तुम्ही श्वास रोखून उभे राहिलात. त्यांनी दुसऱ्यांदा बेल वाजवली नाही. घड्याळात पाहून पूर्ण दोन मिनिटे वाट पाहिली, वहीत काहीतरी लिहिले आणि ते जिना उतरून गेले.

तुम्ही परत येऊन काचेतून खाली पाहिलेत. गोटीराम फाटकाशी थांबून वर बघत होते. रागाने नव्हे, ते तुमची खिडकी न्याहाळत होते. चार फूट बाय तीन फूट, रस्त्याकडे तोंड केलेली, सगुणाबाईंना हवी होती अगदी तेवढीच.

तुम्ही पडदा ओढून घेतलात.